उपरण्याखालचा हात

आण्णांनी मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते माझे दात मोजायला निघाले होते.

म्हणजे अगदी "आ कर" म्हणाले नाहीत, पण हात हनुवटीपर्यंत आला होता. त्यांची सून सविता आतून ओरडली, "मामा, ताई हायेत त्या! कालवड न्हाई!" तेव्हा कुठे हात मागे गेला.

"व्हय व्हय. सवय हो," आण्णा म्हणाले. "पन बघितल्याबिगर बी सांगतो. आदत हाय."

आदत म्हणजे ज्याचे दुधाचे दात अजून पडलेले नाहीत असं जनावर. मी चोवीस वर्षांची, एम.ए. झालेली, नगरहून घोडेगावपर्यंत एसटीने आणि पुढे वडापच्या भरगच्च जीपमध्ये अंग चोरून आलेली. मला असा राग आला म्हणता! आज कुणी विचारलं तर मी सरळ कबूल करते, म्हातारा बरोबर बोलत होता. मला तेव्हा काडीचीही अक्कल नव्हती.

आण्णा घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात उभी हयात दलाली केलेले. त्यांचं नाव गावात कुणी घेत नसे, लहानथोर सगळे आण्णाच म्हणत. बैलाच्या अंगावरून एकदा नजर फिरवली की तो किती दाती, कुठल्या खांद्याला जुंपलेला, मालकाने मारलाय की जपलाय, सगळं सांगत. माणसांनाही तोच कायदा. आमच्या ऑफिसातला ड्रायव्हर एकदा मला सोडायला आला, तर त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "उजव्या पायानं अधू हाय, पन लपवतोय." खरंच होतं ते. ड्रायव्हर पुन्हा त्या गावाला आला नाही.

सौदा मात्र तोंडाने कधी करायचे नाहीत. त्या बाजाराची जुनी रीत अशी की दलाल समोरच्याचा हात हातात घेतो, वरून उपरणं टाकतो आणि आत बोटं दाबून भाव ठरतो. बघणाऱ्याला फक्त कापड हललेलं दिसतं. आण्णांनी ही रीत घरी आणली होती. दारावर भाजीवाली आली तरी उपरणं काढायचे. ती बिचारी लाजून अर्धी व्हायची. "तोंडाचं बोलनं वाऱ्यावर जातं," ते म्हणत, "हातातलं हातात ऱ्हातं."

आमचं काम नेमकं उलटं होतं. तोंडाचं बोलणं पकडून ठेवायचं. गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी रेकॉर्ड करायच्या, साफसूफ करायच्या, लिहून काढायच्या आणि पुण्याला पाठवायच्या. तिकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी मंडळी ते सगळं एका मशीनला ऐकवणार होती. मशीन शिकणार, आणि मग त्याच माणसाच्या आवाजात, त्याच्याच बोलीत, अंगणवाडीतल्या पोरांना टॅबवरून गोष्टी सांगणार. माणूस गेला तरी गोष्ट राहील, असं आमच्या पत्रकावर छापलेलं होतं. मला ते वाक्य फार आवडायचं.

आण्णांना गोष्टी किती याव्यात? मी मोजायचं सोडून दिलं. बैल नवरदेवाला पाठीवर घेऊन पळाला ती, वेशीत अडकलेल्या हत्तीची, मेलेल्या सासूने येऊन भाकरी थापल्याची. बाजेवर मांडी घालून बसायचे. उजव्या हाताला जागा सोडायचे, बाजेवर दुसरं माणूस आरामात मावेल एवढी. त्या रिकाम्या जागेवर उपरणं पसरायचे, आणि उजवा हात उपरण्याखाली.

एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. कधी दोन सेकंद, कधी दहा. मग मान हलवून पुढचं वाक्य. कधी थांबायचे आणि चिडून म्हणायचे, "बरं, काळा बैल. तांबडा न्हाई. काळा. झालं?" आणि गोष्ट मागे जाऊन पुन्हा काळ्या बैलावरून सुरू व्हायची. मला वाटलं वयाचा परिणाम. दम लागतो, विसरतात. हात थरथरतो म्हणून झाकतात. मी मनातल्या मनात सगळ्याला कारणं देऊन मोकळी झाले.

खरं कारण सविताने सांगितलं. ती गावातली अंगणवाडी सेविका, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, नवरा सुप्याला कंपनीत, आठवड्याने घरी येणारा. घरात सासरा आणि सून दोघंच. ती शेंगदाणे निवडत होती, मी शेजारी बसून तिच्या सुपातले खात होते.

"आत्याबाई नवी नवरी हुत्या तवाची गोष्ट," ती म्हणाली. "घर भरल्यालं. सासू-सासरे, दीर. नवऱ्यासंगं मोठ्यानं बोलायची सोय न्हाई. मामा वसरीवर बसून गोष्ट सांगायचे. आन गोष्टीला तर हुंकार लागतो. कुनी हं म्हनलं तरच सांगनारा फुडं जातो. ह्यान्ला पायजे बायकूचा हुंकार. मग काय, बाजारातलं डोकं चालवलं. मामा दाराच्या भायेर, आत्याबाई दाराच्या आत, उंबऱ्यावर उपरनं. खाली दोघांचं हात. एक बोट दाबलं म्हंजी हं, फुडं चला. दोन बोटं म्हंजी चुकलं, परत सांगा. आन मूठ वळली म्हंजी सौदा मोडला."

"मग?"

"मग काय, थांबायचं. मामा म्हनायचे, 'बरं बाई, ऱ्हायलं,' आन उपरनं झटकून उठायचे. लोकान्ला वाटायचं ह्यान्ला झोप आली."

मी हसले. आत्याबाईंना जाऊन नऊ वर्षं झाली होती. मी विचारलं, "आणि आता कोण बोट दाबतं?"

सविता शेंगदाणे पाखडत म्हणाली, "त्याच की. मामा काय खोटं बोलत्यात का?"

हे तिने दूध नासलं किंवा लाईट गेली हे सांगावं त्या सुरात सांगितलं. आमचं घर ख्रिस्ती. पप्पा शाळेत शिक्षक, भुताखेतांचं नुसतं नाव काढलं तरी रागवायचे. मी वहीत लिहिलं: "पत्नीच्या निधनानंतरही जुनी सवय कायम." असं लिहिलं की बरं वाटतं.

आता बारवेची गोष्ट सांगते. सगळं रामायण तिथेच घडलं.

त्या गावात एक जुनी बारव आहे, पायऱ्या उतरून जायची दगडी विहीर. कित्येक वर्षं कोरडी. आत बाभळी उगवलेल्या, तळाला प्लास्टिकच्या पिशव्या. आण्णांची सगळ्यात मोठी गोष्ट ह्याच बारवेची. गावाने बारव खणली, पाणी लागेना. जाणत्याने सांगितलं, पाटलाची थोरली सून उतरली तर पाणी लागेल. सासरा काठावर उभा राहिला आणि सुनेला म्हणाला, उतर. ती उतरू लागली. पण प्रत्येक पायरीवर तिला घरातलं एकेक काम आठवायचं.

"मामंजी, चुलीवर दूध हाय, कुनी उतरवलं का?"

"उतरवलं सूनबाई. अजून एक पायरी."

"मामंजी, कोंबड्या भायेर हायेत, झाकल्या का?"

"झाकल्या सूनबाई. अजून एक पायरी."

आण्णा हे दोन्ही आवाज काढायचे. सुनेचा आवाज साधा, घाईतला. सासऱ्याचा मात्र इतका मायेचा की ऐकवत नसे. सहा पायऱ्या अशा. सातव्या पायरीवर सून थांबते, वर बघते आणि विचारते, "मामंजी, मी वर कवा यायचं?"

आणि आण्णा थांबायचे. खूप वेळ. रेकॉर्डरवर लाल दिवा लुकलुकत राहायचा. मग म्हणायचे, "बरं बाई, ऱ्हायलं." उपरणं झटकायचे आणि उठायचे.

मी तीनदा रेकॉर्ड केलं. तिन्ही वेळा तेच. शेवटी विचारलं, "आण्णा, पुढे काय होतं?"

"मला ठावं हाय फुडं काय हुतं. माझ्या बापानं सांगितलंय."

"मग सांगा ना."

"ती सांगू देत न्हाई." त्यांनी हनुवटीने रिकाम्या जागेकडे दाखवलं. "लग्नाच्या पयल्या साली तिनं हितं मूठ वळली. म्या म्हनलं, आगं गोष्ट हाय, पुरी तर करू दे. न्हाई. ती बी कुनाची थोरली सूनच हुती की. तवापास्नं ती पोरगी सातव्या पायरीवर उभी हाय. उभी हाय म्हंजी जित्ती हाय. कळलं का, आदत?"

आतून सविताच्या भांड्यांचा आवाज येत होता. आण्णांनी आवाज खाली आणला. "आन आता घरात आमची बी सून हाय. माझ्या तोंडून ती शेवटची पायरी निघायची न्हाई. म्या जबान दिल्यालीय."

मला हे इतकं आवडलं! मी पुण्याच्या साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. ते घाईत होते. म्हणाले, "छान आहे, पण पूर्ण गोष्ट हवी. अर्धवट गोष्टीचं पोरांनी काय करायचं? आणि हो, रेकॉर्डिंगमध्ये फार शांतता आहे. ती काढून टाका. अवांतर बोलणंही काढा. मशीनला स्वच्छ आवाज लागतो."

मग मी काय केलं? कानाला हेडफोन लावून तीन आठवडे बसले आणि एकेक शांतता कापली. दोन सेकंदांची, दहा सेकंदांची, सगळ्या. "बरं, काळा बैल" कापलं. "बरं बाई, ऱ्हायलं" हे तर जिथे जिथे आलं तिथे तिथे कापलं, कारण मला हुकूमच तसा होता. लॅपटॉप भरला म्हणून मूळ रेकॉर्डिंगं पुसून टाकली. आण्णांचा आवाज असा सुरेख एकसलग झाला. मी स्वतःवर खूश होते, लाज वाटते सांगायला.

काही महिन्यांनी टॅब तयार होऊन आले. त्यांतला एक सविताच्या अंगणवाडीसाठी होता. मी तो आधी आण्णांकडे नेला. दुपारची वेळ, बाहेर रणरणतं ऊन. आण्णा बाजेवर, शेजारी जागा सोडलेली, उपरणं पसरलेलं. मी टॅब समोर स्टुलावर ठेवला आणि बैलाची गोष्ट लावली.

आण्णांचाच आवाज. तसाच खरखरीत, "लई"वर तसाच जोर. सविता तोंडाला पदर लावून हसायला लागली. आण्णा आधी चकित झाले, मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे थांबत का न्हाई?" ते म्हणाले. "कुनाला इचारत न्हाई का काय?"

"आण्णा, मशीन आहे ते."

"बारवंची लाव."

मी लावली. सविता चहा आणायला आत गेली. टॅब एकेक पायरी उतरू लागला. दूध. कोंबड्या. कुठेही न अडखळता, भरभर. सविता चहाचे कप घेऊन उंबऱ्यात आली तेव्हा सातवी पायरी आली होती.

"मामंजी, मी वर कवा यायचं?"

"आता वर यायचं न्हाई, सूनबाई," आण्णांच्या आवाजात मशीन म्हणालं. तोच मायेचा आवाज. "अजून एक पायरी." मग पाणी आलं. घोट्याला आलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं. सगळ्या गावानं घागरी भरल्या. गोष्ट संपली.

गोष्ट अर्धी मिळाली म्हणून मशीनने ती पुरी केली होती. तेच त्याचं काम.

आण्णांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. उपरण्याखालचा हात त्यांनी इतक्या झटकन बाहेर काढला की चटका बसल्यासारखं वाटलं. "हे म्या बोललो?"

"नाही आण्णा, मशीन बोललं. फक्त आवाज तुमचा."

"आवाज माझा म्हंजी जबान माझी." ते उभे राहिले. "ती किती येळ मूठ वळून बसली हुती. ह्याला हात हाय का? कुनी थांबवायचं ह्याला? माझं बोलनं घेतलंस पोरी, तिचा हात कुठं टाकलास?"

कुठे टाकला ते मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सविताचा फोन आला. "ताई, बारवंला पानी आलंय."

मी म्हटलं, कालव्याचं आवर्तन सुटलं असेल, पाझर आला असेल. गावातही तेच म्हणत होते. कालवा सुटला होता हे खरं. पण तो दर वर्षीच सुटायचा, आणि बारवेला कधी टिपूस आला नव्हता, हेही खरं. बायका घागरी घेऊन धावल्या. कुणी नारळ फोडला. आणि आण्णा सकाळी उठून बारवेवर गेले, सहाव्या पायरीवर जाऊन बसले, ते दिवेलागणीलाच उठले. रोज. खालची पायरी त्यांनी अडवून धरली होती. कुणाची घागर असो, स्वतः भरून वर द्यायचे, बाईला खाली उतरू द्यायचे नाहीत. सविताला तर बारवेच्या वाटेलाही जाऊ देईनात.

ती आधी फोनवर हसायची. "काय सांगू ताई, मामान्ला खुळ लागलंय. आंघोळीची बादली बी स्वतः भरून देत्यात, म्हनं तू पान्याकडं बघू नगंस."

मग एक दिवस तिचा फोन आला आणि ती हसत नव्हती.

"ताई, टॅब अंगनवाडीच्या कपाटात असला तरी चालू ऱ्हातो का?"

"नाही. का गं?"

"कपाटाला कुलूप हाय. चावी माझ्या कमरंला. मामा बारवंवर. आन दुपारी पोरं झोपली की कुनीतरी म्हनतं, 'अजून एक पायरी, सूनबाई.' मामांचाच आवाज. लई मायेनं म्हनतं हो. काल माझं मला कळलं न्हाई, चपला घालून बारवंच्या निम्म्या वाटंवर गेल्ते."

मी त्याच दिवशी निघाले. वडापमध्ये बसल्या बसल्या स्वतःला चार शिव्या घातल्या. आण्णा बारवेवर नव्हते, आज माझ्यासाठी घरी थांबले होते. आठ-दहा दिवसांत माणूस निम्मा झाला होता.

"काढ तुझं ते यंतर," म्हणाले, "परत सांगतो. औंदा सगळं घे. थांबलेलं बी घे."

मी रेकॉर्डर लावला. आण्णा बाजेच्या एका टोकाला बसले, मला दुसऱ्या टोकाला बसवलं. मधल्या जागेवर उपरणं पसरलं. "आज तुझा हात ठेव खाली," ते म्हणाले. "ज्यानं कापलं त्यानं सोसायचं."

मी हात घातला. बाजेची सुंभाची वीण लागली. आण्णा सांगू लागले. दूध. कोंबड्या. प्रत्येक पायरीला ते थांबायचे, आणि माझ्या तळव्याला काहीतरी हलकेच टेकायचं. एक बोट. मला वाटलं आण्णाच दाबतायत. म्हातारा नाटकी आहे, मला धडा शिकवतोय, शिकवू दे.

सातवी पायरी आली. "मामंजी, मी वर कवा यायचं?"

माझ्या हातात एक मूठ वळली. लहान, हाडकुळी, बायकी मूठ. करंगळीत एक झिजलेलं जोडवं असावं तसं काहीतरी टोचलं. आणि मी समोर बघितलं तर आण्णांचे दोन्ही हात त्यांच्या गुडघ्यांवर होते.

आण्णांनी माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरं बाई, ऱ्हायलं." मूठ सुटली. त्यांनी उपरणं झटकलं. खाली बाज रिकामी होती.

"करंगळीत तिनं पायातलं जोडवं घातल्यालं असायचं," ते हळूच म्हणाले. "बोटं वाळली तवा सैल पडायचं म्हनून दोरा गुंडाळला हुता. लागला का दोरा?"

लागला होता.

ते रेकॉर्डिंग मी एका सेकंदाचीही काटछाट न करता पुण्याला पाठवलं. साहेबांच्या पाया पडायचं बाकी ठेवलं. "एवढी एक गोष्ट बदला. नाहीतर काढून टाका." ते म्हणाले, "अहो, मशीन शिकून झालंय. आता एका रेकॉर्डिंगने काही फरक पडत नाही. आणि ती गोष्ट काढायची कशाला? सगळ्या गावांतल्या पोरांना तीच आवडतेय." फाईल त्यांनी उघडलीही नव्हती. मी नंतर तपासलं.

आण्णा त्यानंतर महिनाभराने गेले. दुपारी जेवून बाजेवर आडवे झाले, उठलेच नाहीत. उजवा हात उपरण्याखाली होता. सविता सांगत होती, चेहरा असा होता की बाजार चांगला झालाय. मी ढसाढसा रडले. सख्ख्या आजोबांना रडले नव्हते एवढी रडले, कारण रडण्यात अर्धा भाग भीतीचा होता. सहाव्या पायरीवर आता कुणी बसणारं नव्हतं. बारवेचं पाणी होतं तसंच होतं, उलट दोन बोटं वर आलेलं.

प्रकल्प संपत आला तेव्हा प्रत्येक अंगणवाडीत जाऊन टॅब नीट चालतो का बघायचं आणि गोष्टीगणिक "पूर्ण" असा शेरा मारायचा, एवढं काम उरलं. त्या गावाला मी सगळ्यात शेवटी गेले. खरं सांगायचं तर टाळत होते.

अंगणवाडीची खोली तापलेली, म्हणून सविता पोरांना घेऊन बाहेर लिंबाखाली बसली होती. तिथून बारव शंभर पावलांवर. ती वाळली होती, डोळ्यांखाली काळं. "अजून ऐकू येतं?" मी विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली.

बाकीच्या गोष्टी लावून झाल्या. यादीत एकच उरली. मी म्हटलं, "राहू दे सविता. मी तशीच सही करते."

"न्हाई ताई," ती म्हणाली. "रोज आडून आडून बोलावतंय. आज सगळ्यांच्या म्होरं बोलू द्या. काय म्हनायचंय ते तोंडावर म्हनू दे."

उन्हाने टॅबवरचं काही दिसत नव्हतं. सविताने पिशवीतून आण्णांचं उपरणं काढलं, टॅब मांडीवर घेतला आणि दोन्हीवर उपरणं टाकलं. चालू करायला तिचा हात आत गेला. तो तिने तसाच आत ठेवला.

गोष्ट सुरू झाली. आण्णांचा आवाज लिंबाखाली घुमला, पोरं पुढे सरकली. दूध. कोंबड्या. मशीन भरभर उतरत होतं, नेहमीसारखं. सविता बारवेकडे बघत होती. मी तिच्या दंडाला धरून बसले होते. ती उठली तर ओढून खाली बसवायचं, एवढंच मी ठरवलं होतं.

"मामंजी, मी वर कवा यायचं?"

मशीन थांबलं.

मी म्हटलं, चार्जिंग गेलं. पण उपरण्याखाली टॅबचा उजेड दिसत होता. एक पोरगी "हं" म्हणाली. मग सगळी पोरं एकदम म्हणाली, "हं!" मशीन हललं नाही. सविताने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठ हलत होते, पण ती माझ्याशी बोलत नव्हती. उपरणं तिच्या मांडीवर मधोमध उंचावलं होतं, एक मूठ मावेल एवढं.

मग आण्णांचा आवाज आला, मायेचा नव्हे, नेहमीचा, बाजारातला, जरा थकलेला:

"बरं बाई, ऱ्हायलं."

आणि टॅब आपोआप बंद झाला.

ते शब्द मी कापले होते. जिथे जिथे आले तिथून, माझ्या हाताने, एकूण एक. ज्या एका रेकॉर्डिंगमध्ये ते शिल्लक होते ते पुण्यात कुणी उघडलंही नव्हतं. मशीनने ते कधी ऐकलेलेच नव्हते.

मी यादी काढली आणि त्या गोष्टीपुढे "पूर्ण" असं लिहून सही केली. सविताने डोळे पुसले, उपरणं झटकलं, नीट घडी घालून खांद्यावर टाकलं. पोरं खिचडीसाठी गलका करायला लागली होती. "व्हय रे, आले आले," असं म्हणत ती उठली, बारवेकडे पाठ केली आणि अंगणवाडीच्या तीन पायऱ्या चढून वर गेली.